काबूल न पाहिलेल्या एल्फिन्स्टनविषयी

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

परराष्ट्र सेवा पहिल्या पसंतीला टाकणार म्हणालीस, तेव्हापासून तुला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनबद्दल लिहायचं मनात आहे. बाबांनी नाव ऐकूनच नाक मुरडलं. "पेशवाई बुडवणारा माणूस पोरीला आदर्श म्हणून सांगतेस?" आदर्श म्हणून नाहीच सांगत. पण ज्याने आपलं राज्य घेतलं तो माहिती कशी काढायचा, हे बघायला काय हरकत आहे?

सोळाव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आलेला हा स्कॉटिश माणूस. नेपोलियन इराणमार्गे इकडे येईल अशी कंपनीला धास्ती होती, म्हणून ऑक्टोबर १८०८ मध्ये त्याला दिल्लीहून अफगाण बादशहा शाह शुजाकडे पाठवलं. बिकानेर, मुलतान करत फेब्रुवारी १८०९ मध्ये तो पेशावरला पोचला. जूनमध्ये तह झाला आणि थोड्याच दिवसांत शुजाची गादीच गेली! राजदूताचं काम म्हणून बघशील तर सगळी खटपट पाण्यात.

पेशावरच्या पुढे त्याला जाताच आलं नाही. काबूल त्याने कधीच पाहिलं नाही. तरी काबूलच्या राज्यावरचा त्याचा ग्रंथ १८१५ साली निघाला आणि अफगाणिस्तानावर लिहिणारे आजही तो उघडतात. सोबतच्या अधिकाऱ्यांना त्याने विषय वाटून दिले होते: कुणाकडे भूगोल, कुणाकडे हवापाणी आणि शेती. स्वतःकडे माणसं ठेवली. मियांखेल टोळीतल्या एका म्हाताऱ्याला त्याने पटवायचा प्रयत्न केला, की भांडणं आणि रक्तपातापेक्षा एका बलाढ्य राजाखाली शांतपणे राहणं बरं. म्हातारा म्हणाला, भांडणं चालतील, धास्ती चालेल, रक्तही चालेल, पण धनी चालणार नाही. आपलं म्हणणं खोडणारं हे उत्तर एल्फिन्स्टनने पुस्तकात छापलं. मला त्याचं हेच आवडतं.

या ग्रंथाचं बरंचसं काम पुण्यात झालं, तो १८११ पासून इथे रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, असताना. आणि इथे मात्र त्याच कानांचा उपयोग बघ. बाजीरावाच्या दरबारात काय शिजतंय हे संगमावरच्या रेसिडेन्सीत रोज पोचायचं. बाळाजीपंत नातूंसारखी आपलीच माणसं पोचवत होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, तो वेळेत बाहेर पडला. मागे रेसिडेन्सी जळली, तिच्यात त्याची पुस्तकंही गेली. बाराच दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. त्याच्या हुशारीपेक्षा मला आपला गाफीलपणा जास्त टोचतो. कलकत्त्यात काय शिजतंय हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?

पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला, १८२७ मध्ये परतला, गव्हर्नर जनरलचं पद नाकारलं आणि हिंदुस्थानचा इतिहास लिहीत बसला. ते तुझ्या नोट्समध्ये असेलच.

नसेल ते हे. १८३८ साली त्याच शाह शुजाला पुन्हा गादीवर बसवायचं इंग्रजांनी ठरवलं. एल्फिन्स्टनने अलेक्झांडर बर्न्सला, म्हणजे काबूलला जाऊन आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याला, कळवलं, की सत्तावीस हजार माणसं बोलन खिंडीतून नेलीत आणि त्यांना पोसू शकलात तर कंदाहार घ्याल, काबूलही घ्याल, शुजाला बसवालही. पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात, तसल्या लोकांत त्याला टिकवणं मला अशक्य दिसतं. कुणी ऐकलं नाही. १८४१ च्या नोव्हेंबरात बर्न्स काबूलमध्येच मारला गेला. जानेवारीत सैन्य आणि बाजारबुणगे मिळून सोळा हजारांच्या आसपास माणसं काबूलहून माघारी निघाली आणि वाटेतल्या खिंडींत जवळजवळ सगळी संपली. त्यांचा सेनापती विल्यम एल्फिन्स्टन, याचा चुलतभाऊ. त्याने घरातलं पुस्तक वाचलं होतं की नाही, देव जाणे.

मुलाखतीत हा विषय निघालाच तर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचं नाव सगळेच घेतील. तू बर्न्सला लिहिलेलं ते पत्र सांग. आणि रात्रीचं जेवण टाळू नकोस, डबेवाली बदलायची तर बदल.

तुझी,
आई