नेब्रास्काचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विधान परिषद हवी की नको, हा वाद महाराष्ट्रात दर दोन-चार वर्षांनी नव्याने रंगतो आणि तो रंगला की वाचकांच्या पत्रांत अमेरिकेतील नेब्रास्का या राज्याचे नाव हमखास येते. तिथे एकच सभागृह आहे, त्यांचे काही अडत नाही, मग आपल्यालाच ७८ आमदारांचा हा जादा भार कशाला, असा त्या युक्तिवादाचा सूर असतो. मी जिल्हा परिषदेतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो असून मुलीच्या निमित्ताने गेले दोन हिवाळे नेब्रास्काची राजधानी असलेल्या लिंकन शहरात काढले आहेत. विधानभवन तिच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे, प्रवेशाला पास लागत नाही आणि बाहेर बर्फ असताना आत ऊब असते. त्यामुळे तिथे जाऊन बसण्याची मला सवयच लागली. त्या बसण्यातून लक्षात आले ते एवढेच, की आपण नेब्रास्काचा दाखला देतो तो अर्धाच देतो आणि जो अर्धा सोडतो तोच मोलाचा आहे.

हे विधानभवन १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षे बांधले जात होते. सुमारे चारशे फूट उंचीचा मनोरा, त्याच्या टोकावर बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा पुतळा आणि आत, रीतीप्रमाणे, दोन सभागृहांसाठी दोन दालने. वास्तू पुरी होऊन दोनच वर्षे होतात न होतात तोच, नोव्हेंबर १९३४ मध्ये, मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून एक सभागृह मोडीत काढले. पश्चिमेच्या दालनात आज कामकाज चालते. पूर्वेचे दालन, त्याच्या कोरीव लाकडी दारांसह, समारंभांपुरते उघडते. मार्गदर्शक ते दाखवताना आवाज थोडा खाली आणतो, जसा आपल्याकडे वाड्यातली बंद खोली दाखवताना आणतात.

या बदलामागे होते जॉर्ज नॉरिस. ते वॉशिंग्टनमधील सिनेटमध्ये नेब्रास्काचे प्रतिनिधी होते आणि पक्षाने रिपब्लिकन असले तरी पक्षाला फारसे जुमानत नसत. महामंदीचे दिवस असल्याने खर्च वाचेल हा मुद्दा लोकांना पटकन पटला, आणि त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठवण्याचा व घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावू देण्याचा असे आणखी दोन प्रस्ताव असल्याने त्या दोघांच्या लोकप्रियतेचा हात या तिसऱ्यालाही लागला, असे इथले जाणकार हसत हसत सांगतात. दुरुस्तीला सुमारे ६० टक्के मते पडली. सदस्यसंख्या १३३ वरून ४३ वर आली, १९३५ च्या शेवटच्या द्विगृही अधिवेशनात १,०५६ विधेयके आली होती ती १९३७ च्या पहिल्या एकगृही अधिवेशनात ५८१ झाली आणि खर्चही निम्म्यावर आला. आज सदस्य ४९ आहेत. आपल्याकडची पत्रे साधारणपणे इथपर्यंतच्या माहितीवर थांबतात.

नॉरिस यांचा खरा राग मात्र दुसऱ्या सभागृहावर नव्हता, तर त्या दोघांच्या मध्ये उगवणाऱ्या तिसऱ्यावर होता. दोन सभागृहांनी एकच विधेयक वेगवेगळ्या रूपांत संमत केले की दोन्हीकडचे मोजके सदस्य मिळून समेट समिती बसे. ती बंद दाराआड बसे, कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद नसे आणि तिने तयार केलेला मसुदा सभागृहांना जसाच्या तसा घ्यावा लागे किंवा टाकावा लागे. गावोगावच्या भाषणांत लोकप्रियतेसाठी एखाद्या विधेयकाची भलामण करायची आणि या समितीत त्याचे नरडे आवळायचे, ही सोय त्यातून झाली होती. एकच सभागृह ठेवले की जबाबदारी ढकलायला शेजारची खोलीच उरत नाही, हा नॉरिस यांचा हिशेब होता.

आता हा आक्षेप महाराष्ट्राला लावून पाहावा. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९७ प्रमाणे साध्या विधेयकावर शेवटचा शब्द विधानसभेचाच असतो. परिषद ते पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना रोखू शकते, आणि धनविधेयक तर फक्त चौदा दिवस. समेट समिती नाही, संसदेसारखी संयुक्त बैठकही नाही. म्हणजे ज्या दुखण्यावर नेब्रास्काने शस्त्रक्रिया केली ते दुखणे आपल्याला नाहीच. परिषद ठेवण्याच्या किंवा मोडण्याच्या बाजूने इतर कारणे असतील (पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांविषयी माझीही काही मते आहेत, ती पुन्हा कधी), परंतु त्यासाठी नॉरिस यांना साक्षीला उभे करणे योग्य नव्हे.

ज्यासाठी त्यांना उभे करता येईल ती गोष्ट दुपारी पाहायला मिळते. अधिवेशनाच्या पूर्वार्धात सकाळी सभागृह चालते आणि दुपारी समित्यांच्या सुनावण्या. येथील नियम असा, की मांडलेल्या प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी झालीच पाहिजे आणि तिची सूचना किमान सात दिवस आधी प्रसिद्ध झाली पाहिजे. समितीच्या अध्यक्षाला विधेयक आवडो न आवडो, सरकारचे असो वा विरोधी विचाराच्या एकट्या सदस्याचे असो, ते न ऐकता फडताळात टाकण्याची मुभा नाही. अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत असे बंधन नाही. तिथे अध्यक्षाने मनावर घेतले नाही तर विधेयक चर्चेविना मरते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी महसूल समितीच्या सुनावणीला बसलो होतो. विषय शेतजमिनीवरील मालमत्ता कराचा होता. शाळांचा बराचसा खर्च या करातून भागत असल्याने तो येथील राजकारणाचा जुना आणि कधीच न मिटणारा विषय आहे. खोली आपल्या पंचायत समितीच्या सभागृहापेक्षा फार मोठी नव्हती. समोर अर्धवर्तुळात सदस्य, मधोमध एक टेबल, एक खुर्ची, एक ध्वनिक्षेपक आणि तीन रंगांचा छोटा दिवा. आधी विधेयकाच्या बाजूचे बोलतात, मग विरोधातले, आणि त्यानंतर अध्यक्ष विचारतात, की तटस्थ म्हणून कोणाला बोलायचे आहे काय. ग्रामसभांमध्ये मी उभी हयात काढली, पण बाजूही न घेता आणि विरोधही न करता केवळ माहिती द्यायला उठलेला माणूस मला तिथे कधी भेटला नव्हता. इथे त्याच्यासाठी वेगळी वेळ राखलेली असते.

त्या दिवशी राज्याच्या पश्चिम टोकाच्या स्कॉट्सब्लफ भागातून एक वयस्कर शेतकरी आला होता. तिथून लिंकनला सुमारे साडेसहाशे किलोमीटर मोटार हाकत यावे लागते आणि तिकडचे घड्याळही इथल्यापेक्षा तासभर मागे असते. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली, नोंदीसाठी नाव सांगितले आणि मग, नियमाप्रमाणे, त्या नावाचे एकेक अक्षर सुटे करून सांगितले. हातातला कागद तो बोट फिरवत वाचत होता. दिवा हिरव्याचा पिवळा झाला तेव्हा त्याने कागद बाजूला ठेवला आणि उरलेले तोंडीच सांगितले. लाल झाला तेव्हा वाक्य अर्धे होते, ते अध्यक्षबाईंनी त्याला पुरे करू दिले. दोन सदस्यांनी प्रश्न विचारले, त्यांतला एक चांगलाच खोचक होता. पुढे संकेतस्थळावर त्या सुनावणीचा शब्दशः वृत्तांत वाचला तेव्हा ते अर्धे वाक्य आणि त्याचे पूर्ण होणे दोन्ही त्यात होते. येथे येणारी बहुतेक विधेयके समितीच्या पुढे सरकत नाहीत, हे त्या शेतकऱ्यालाही ठाऊक असणार. तरी तो आला होता.

समितीतून सुटलेल्या विधेयकाला पुढे सभागृहात तीन टप्पे पार करावे लागतात आणि मांडल्यापासून कामकाजाचे किमान पाच दिवस गेल्याखेरीज अंतिम मतदान घेता येत नाही. शेवटच्या टप्प्यावर सदस्यांनी आपापल्या जागी बसून राहायचे असते. साध्या संमतीला २५ मते लागतात, राज्यपालांचा नकाराधिकार मोडून काढायला ३० आणि लांबवलेली चर्चा थांबवायला ३३. समितीच्या अंतर्गत विचारविनिमयाच्या बैठकीतही पत्रकारांना बसू देण्याची इथली जुनी परंपरा आहे. एकच सभागृह म्हणजे झटपट कारभार, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हा क्रम पाहावा: दुसऱ्या सभागृहाकडून ज्या विलंबाची अपेक्षा असते तो विलंब इथे एकाच सभागृहाच्या नियमांत विणून टाकला आहे. आपल्याकडे दोन सभागृहे असूनही मांडलेले विधेयक त्याच आठवड्यात, कधी गोंधळातच आवाजी मतदानाने, मंजूर झाल्याचे आपण आपल्याच वृत्तपत्रात वाचत असतो.

येथील लोक म्हणतात, की आमचे दुसरे सभागृह म्हणजे जनता. हे केवळ बोलण्यापुरते नाही. १९१२ पासून मतदारांना सह्या गोळा करून कायदा सुचवण्याचा आणि संमत झालेला कायदा मतदानाला लावण्याचा हक्क आहे. २०१५ मध्ये सभागृहाने फाशीची शिक्षा रद्द केली. ओमाहा शहराचे सदस्य एर्नी चेंबर्स यांनी जवळपास चार दशके ही मागणी लावून धरली होती. राज्यपाल पीट रिकेट्स यांनी नकाराधिकार वापरला आणि सभागृहाने तो बरोबर ३० विरुद्ध १९ मतांनी, म्हणजे लागतात त्याहून एकही मत जादा नसताना, फेटाळला. विरोधकांनी सह्यांची मोहीम काढली आणि २०१६ च्या मतदानात सुमारे ६१ टक्के मतदारांनी फाशी परत आणली. निकाल मला स्वतःला रुचणारा नाही. पण प्रतिनिधींनी आणि लोकांनी एकमेकांना उघडपणे, आकड्यांनिशी उत्तर दिले, हे मान्य करावेच लागते.

आता उणी बाजू, कारण ती न सांगता दाखला दिला तर तोही अर्धाच होईल. सदस्यांचा पगार वर्षाला १२,००० डॉलर आहे. तो १९८८ मध्ये ठरला आणि २०१२ मध्ये वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला. एवढ्यावर घर चालत नाही, त्यामुळे निवृत्त, सुखवस्तू किंवा स्वतःचा व्यवसाय असलेल्यांनाच हे काम परवडते. २००० सालच्या दुरुस्तीने सलग दोनच कार्यकाळांची मर्यादा आली आहे. सदस्य नियमावली पाठ होईपर्यंत बाहेर पडतो आणि बड्या उद्योगांचे वकील व मध्यस्थ मात्र वीस-वीस वर्षे त्याच मार्गिकांत वावरत असतात, अशी तक्रार ऐकू येते आणि ती मला खरी वाटते.

मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापत नाहीत आणि समित्यांचे अध्यक्ष गुप्त मतदानाने निवडतात, हे नॉरिस यांच्या कल्पनेतले सर्वांत धाडसी अंग. त्यामुळे एकेकाळी दोन्ही पक्षांच्या सदस्यांकडे अध्यक्षपदे जात. आज कोण कोणाचा हे सर्वांना माहीत असते. २०२३ मध्ये तर ओमाहाच्या एका सदस्येने एका विधेयकाच्या निषेधार्थ अधिवेशनातील जवळपास प्रत्येक विधेयकावर लांबलचक भाषणे करून काम आठवडेच्या आठवडे रोखले. त्याच अधिवेशनात गर्भपातावर कडक निर्बंध घालणारे विधेयक चर्चा थांबवण्यासाठी लागणाऱ्या ३३ मतांपैकी ३२ च मिळाल्याने अडले. पुढच्याच महिन्यात बारा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावरील बंदी अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांविषयीच्या निराळ्याच विधेयकाला जोडण्यात आली आणि ते ३३ विरुद्ध १५ मतांनी संमत झाले. एका विधेयकात एकच विषय असावा, असे राज्यघटना सांगते; दोन्ही तरतुदी वैद्यकीय सेवेविषयीच्या आहेत असे धरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो कायदा टिकवला. न्यायालयाच्या निर्णयाविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु जोडून तयार झालेल्या त्या मसुद्यावर बोलायला लोकांना पुन्हा त्या खुर्चीवर बोलावले गेले नाही, आणि प्रत्येक विधेयकाच्या सुनावणीचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याच्या नियमांतली मोठी पळवाट त्या दिवशी सर्वांना दिसली.

आपल्याकडेही अपवादाने असे ऐकले जाते. जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले तेव्हा लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि भल्याबुऱ्या का होईना, त्या आल्याही. तो अपवाद नियम करायला विधान परिषद मोडावी लागत नाही, की राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागत नाही; विधिमंडळाच्या कामकाजाच्या नियमांत बदल पुरेसा आहे. म्हणून परिषदेच्या वादात नेब्रास्काचे नाव घेणाऱ्या पत्रलेखकांना विनंती आहे, की त्यांनी रिकाम्या पूर्व दालनाबरोबर त्या तीन रंगांच्या दिव्याचाही उल्लेख करावा. आणि आपणांस विनंती अशी, की येत्या अधिवेशनापासून सभागृहात येऊ घातलेल्या विधेयकांची यादी, ती मांडली जाण्याच्या तारखेसह आणि दोन ओळींच्या आशयासह, आपण आठवडाभर आधी छापण्याचा प्रयत्न करावा. खालील सहीचा इसम ती कात्रणे काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे काम आनंदाने करील. एप्रिलमध्ये मी परत येत आहे.

आपला,
एक निवृत्त विस्तार अधिकारी, सातारा
(सध्या मुक्काम लिंकन, नेब्रास्का)