आकड्याशेजारी रोगाचा टप्पाही छापा

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्यांपैकी कोणत्या देशात किती जण पाच वर्षे जगतात, याचा तक्ता आपण नुकताच छापलात. दक्षिण कोरिया, इस्रायल आणि ऑस्ट्रेलिया 70 टक्क्यांच्या वर, ब्रिटन 60च्या आसपास, भारत 40च्या आसपास. हे आकडे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या कॉन्कॉर्ड-3 या अभ्यासातले आहेत. 71 देशांतल्या 322 नोंदणी केंद्रांकडून सुमारे 3 कोटी 75 लाख रुग्णांची माहिती गोळा करून ते काढले गेले. एवढ्या मेहनतीच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आकडे असे एकटे, उघड्यावर सोडून देण्याबद्दल.

असाच एक तक्ता सात वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने मोबाइलवर पाहिला होता. दादाचा बायोप्सीचा रिपोर्ट त्याच दिवशी हातात आला होता. पोराने देशासमोरचा आकडा मोठ्याने वाचला, वहिनी मटकन खाली बसल्या आणि रात्री दादा म्हणाला, "निम्म्याहून कमीच ना? मग पोट फाडून घेऊन काय करायचं?" त्याची समजूत घालण्यात तीन आठवडे गेले. शेवटी सर्जननी त्याला समोर बसवून स्कॅन दाखवला. म्हणाले, "काका, तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे. तुमची गाठ अजून आतड्याच्या भिंतीच्या बाहेर गेलेली नाही." तेव्हा कुठे दादाने संमतीच्या कागदावर सही केली.

"सगळ्यांचा मिळून" म्हणजे काय, हे अमेरिकेच्या नोंदींवरून स्पष्ट होते. तिथे सगळे रुग्ण एकत्र धरले तर पाच वर्षांनी साधारण 65 टक्के हयात असतात. पण रोग आतड्यापुरताच असताना सापडलेल्यांत हे प्रमाण 90च्या आसपास आहे, शेजारच्या लसिका गाठींपर्यंत (शरीरात मुळातच असलेल्या छोट्या ग्रंथींपर्यंत) पोचलेला असेल तर 70हून थोडे अधिक आणि यकृतासारख्या दूरच्या अवयवात गेल्यावर सापडला तर फक्त 15च्या आसपास. देश तोच आणि रोगही तोच, तरी एवढी दरी. म्हणून एखाद्या देशाचा एकूण आकडा कमी दिसतो तेव्हा तिथले डॉक्टर कमी पडतात असे लगेच समजू नये. तिथले रुग्ण कोणत्या टप्प्यावर डॉक्टरांपर्यंत पोचतात, हे आधी विचारायला हवे.

ते उशिरा का पोचतात, तर याला लाज हे एक मोठे कारण आहे. शौचाच्या वेळी रक्त जाते, हे माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही. आणि सांगितले तरी दर वेळी तपासणी होतेच असे नाही. दादाला रिपोर्टच्या आधी आठ महिने रक्त जात होते. त्याने ज्यांना दाखवले त्या डॉक्टरांनी बोटाने तपासलेही नाही, मूळव्याध म्हणून मलम लिहून दिले. ते आठ महिने आठवले की आजही माझा संताप होतो. दादाचे नशीब म्हणून गाठ तेवढ्यात पसरली नाही.

खरे तर हा रोग पुरेसा वेळ देतो. बहुतेक वेळा आधी पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर लहानसा उंचवटा येतो आणि त्याचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. एवढ्या काळात शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी साधी चाचणी किंवा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण आत घालून केलेली आतड्याची तपासणी, त्याला गाठू शकते. पॉलिप काढून टाकला की त्यातून होऊ शकणारा रोगच टळतो. जपानने अशी तपासणी 1992पासून देशभर सुरू केली, कोरियाने 2004पासून, ऑस्ट्रेलियाने 2006पासून. आपल्या तक्त्यात वरच्या बाजूला असलेल्या देशांच्या मागे हेही आहे.

इथे एक शंका रास्त आहे. रोग दोन वर्षे आधी सापडला आणि माणूस ठरल्या दिवशीच गेला, तरी निदानानंतरची वर्षे कागदावर वाढलेली दिसणारच. त्यामुळे जगण्याच्या प्रमाणाशेजारी मृत्युदरही पाहावा लागतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात तपासणी केलेल्या आणि न केलेल्या गटांची तुलना करणारा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 1993 साली आले. दरवर्षी शौचाची तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू 13 वर्षांत दुसऱ्या गटापेक्षा 33 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे लवकर निदानाने माणसे खरोखर वाचतात.

तक्त्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे हे आकडे हलतात. गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगात डेन्मार्क 1990च्या दशकात पार मागे होता, निम्मे रुग्णही पाच वर्षे काढत नव्हते. 2010 ते 2014च्या रुग्णांत हे प्रमाण 70च्या जवळ गेले. त्यामागे शस्त्रक्रियेतला बदल मोठा आहे. पूर्वी गुदाशय हाताने, अंदाजाने सोडवून काढत. भोवतीच्या चरबीच्या आवरणाचे तुकडे मागे राहत आणि रोग त्याच जागी परत येई. बिल हील्ड या ब्रिटिश सर्जननी 1982 साली दाखवून दिले की ते आवरण न फाडता, डोळ्यांनी बघत, नैसर्गिक पदराच्या कडेने पूर्ण काढले तर रोग परतण्याचे प्रमाण खूपच घटते. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कने आपल्या सर्जनना हे तंत्र शिकवले. नॉर्वेने 1993पासून प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि प्रत्येक रुग्णालयाला त्याचे स्वतःचे निकाल दाखवायला सुरुवात केली. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. आपला रोगी दोन वर्षांनी कसा आहे हे सर्जनला कळलेच नाही, तर तो सुधारणार कशावरून?

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचे उदाहरणही आपल्या वाचकांपर्यंत जावे. तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांत हा रोग अधिक होता आणि त्याचे मृत्यूही अधिक होते. काही जण हे रक्तातलेच आहे असे म्हणून सोडून देत. राज्याने 2002नंतर विमा नसलेल्यांचीही तपासणी करायला, लोकांना कोलोनोस्कोपीपर्यंत हात धरून न्यायला आणि रोग निघाला तर उपचारांचा खर्च द्यायला सुरुवात केली. 2009पर्यंत तपासणीतला फरक मिटला आणि मृत्युदरातला फरक जवळजवळ पुसला गेला. रक्त तर बदलले नव्हते.

2022 साली जगात सुमारे 19 लाख लोकांना हा रोग झाला आणि 9 लाखांवर लोक त्याने गेले. म्हणजे आपला तक्ता ज्या घरांत वाचला गेला, त्यांतल्या काही घरांत तरी नुकताच रिपोर्ट आलेला असणार. दादाने परवाचा अंक वाचून मला फोन केला. त्याच्या शस्त्रक्रियेला सात वर्षे होऊन गेली आहेत. म्हणाला, "यात मी कुठे आहे रे?" तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी अशी आकडेवारी छापाल, तर एकूण प्रमाणाशेजारी टप्प्यानुसार प्रमाण द्या, आकडे कोणत्या वर्षांतल्या रुग्णांचे आहेत ते द्या आणि शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून न थांबता तपासून घ्या, अशी एक ओळ खाली टाका. जागा अपुरी पडली तर चार देश गाळले तरी चालतील.

आपला,
एक नियमित वाचक