एडगर प्राडो यांना, आण्णांच्या वतीने

प्राडो साहेब,

सप्रेम नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं काही कारणही नाही. तुम्ही पेरूतल्या लिमाचे, अमेरिकेत नाव काढलेले जॉकी, आणि मी पुण्यातल्या एका मोतद्दाराची, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याची, मुलगी. रेसकोर्सवर मोतद्दार म्हणत नाहीत, सईस म्हणतात. आण्णांनी छत्तीस वर्षं ते काम केलं, पावसाळ्यात पुण्याचा सीझन, थंडीत महालक्ष्मीचा, घोडे जातील तिकडे आण्णा, आम्हा पोरांना ते निम्मं वर्षच मिळायचे. आता ७६ चे आहेत, गुडघे गेलेत, दिवसभर खुर्चीत असतात. गेल्या रविवारी माझ्या मुलाने त्यांना मोबाईलवर २० मे २००६ ची प्रीकनेस ही घोड्यांची मोठी रेस दाखवली, बाल्टिमोरच्या पिम्लिकोवरची, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

ज्यांना त्या रेसमधला तुमचा घोडा बार्बारो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्याच्या दोनच आठवडे आधी, ६ मेला, तुम्हाला पाठीवर घेऊन त्याने केंटकी डर्बी साडेसहा लेंग्थने, म्हणजे साडेसहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, मारली होती. तोवर सहा रेस पळाला, सहाही जिंकला. १९७८ नंतर अमेरिकेत कुठल्याच घोड्याला ट्रिपल क्राउन, म्हणजे डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेस एकाच वर्षी जिंकण्याचा मान, मिळाला नव्हता आणि लोक म्हणत होते की आता हाच घेणार. प्रीकनेसला गेट उघडायच्या आधीच तो गेट तोडून बाहेर आला, तपासून परत आत घातला, आणि खरी रेस सुटल्यावर थोडं अंतर जातोय तोच मागचा उजवा पाय गेला. नुसता मोडला नाही, खालच्या एका हाडाचे वीसहून जास्त तुकडे झाले. बाकीचे घोडे पुढे निघून गेले, बर्नार्डिनी जिंकला, स्टँडात लाखावर माणसं.

आणि तुम्ही रास खेचून त्याला थांबवलंत, खाली उडी मारलीत आणि त्याच्या अंगाला खांदा लावून उभे राहिलात. मदतीची माणसं येईपर्यंत तसेच. जॉकी म्हणजे केवढासा माणूस हो, डर्बीला खोगिरासकट ५७ किलो, आणि समोर तापलेलं, घाबरलेलं, पाचशे किलोचं जनावर तीन पायांवर, ते कधीही तुमच्या अंगावर कोसळलं असतं.

आण्णा म्हणाले, मागे घे. परत बघितलं. परत मागे घे. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ते काठी न घेता खुर्चीतून उठले, स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गेले, पाय फाकवले, उजवा खांदा चौकटीला लावला आणि नातवाला म्हणाले, "असा. ढकलायचं नाही, नुसतं टेकायचं. म्हणजे त्याला कळतं आपण हाये." दोनेक मिनिटं तरी ते तसेच उभे होते आणि माझ्या हातात कणकेची परात तशीच राहिली.

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तिसरीत होते तेव्हा आण्णा एक पागा अचानक सोडून घरी आले होते, का ते कधी बोलले नाहीत. कुठलं रेसकोर्स, कुणाची घोडी, ते मी लिहीत नाही, आण्णांनीच नको म्हटलंय. तीन वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी होती, आल्यापासून आण्णांच्याच हाताखालची, लसूणघास दुसऱ्या कुणी टाकला तर तोंड लावायची नाही. सकाळच्या कामात भुरभुर पावसात तिचा पुढचा पाय गेला. वर बसलेल्या पोराने उडी मारली, खोगीर काढून घेतलं आणि चालायला लागला. साहेब लोकांनी लांबूनच बघितलं आणि ऑफिसकडे वळले. आण्णा पळत गेले आणि तिला खांदा लावून उभे राहिले, एकटे, डॉक्टर येईपर्यंत, किती वेळ ते त्यांनाही सांगता येत नाही, फक्त तिचा घाम आणि पाऊस मिळून शर्टची बाही खांद्याला चिकटली होती एवढं आठवतं. इंजेक्शन दिलं, संपलं. दुपारी त्यांना कुणी जेवलास का विचारलं नाही, तिचं ठाण धुऊन घे म्हणाले, उद्या दुसरा घोडा येतोय.

त्या लोकांचा राग मला आत्ता लिहितानाही येतोय. पण आण्णांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की आपण येड्यासारखे उभे राहिलो, शहाण्या माणसांनी बघितलं आणि गेले, आपल्यालाच अक्कल नव्हती, घोडी तर मरणारच होती. आणि रविवारी त्यांनी बघितलं की डर्बी जिंकलेला जॉकी भरल्या मैदानात अगदी तेच करतोय. "म्हणजे मी चुकलो नव्हतो," एवढंच म्हणाले. त्या रात्री ते झोपले, प्राडो साहेब. पहाटे तीनला उठून बसणारा माणूस सहापर्यंत झोपला.

आमच्याकडे खांदा द्यायचा म्हणजे माणूस गेल्यावर, तिरडीला. जिवंतपणी खांदा देणारी माणसं किती असतात? तुम्ही दिलात. आणि तुमच्या त्या खांद्यानंतर जी माणसं त्या घोड्याला भेटली ती बघून मला अजूनही गहिवरून येतं. तुम्ही वेळेत थांबवलंत म्हणून कातडी फाटली नाही, म्हणून डॉक्टरांना प्रयत्न तरी करता आला. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनियाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी पाच तासांहून जास्त ऑपरेशन केलं, प्लेट आणि २७ स्क्रू. भूल उतरताना घोडा पाय झाडतो, १९७५ मध्ये रफियन नावाची अशीच अजिंक्य घोडी ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना पाय झाडून झाडून गेली, म्हणून बार्बारोला पाण्याच्या टाकीत तराफ्यावर ठेवून जागं केलं. ट्रेनर मायकल मॅट्झ हे तर १९८९ च्या सू सिटीच्या विमान अपघातातून वाचलेले, तेव्हाही स्वतःचा जीव घेऊन पळाले नाहीत, तीन लहान भावंडांना बाहेर काढलं. मालक जॅक्सन नवरा-बायको, त्यांनी खर्चाकडे बघितलं नाही. आणि ओळख ना देख अशी माणसं दवाखान्यात गाजरं, सफरचंदं आणि पत्रं पाठवत होती. चांगली माणसं असतात, ती एका ठिकाणी गोळा झाली की काय होतं ते त्या आठ महिन्यांत दिसलं.

पुढचं आण्णांना माहीत नव्हतं, मलाच सांगावं लागलं. जुलैत मागच्या डाव्या, चांगल्या पायाला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, झाला. त्यांना समजवावं लागलं नाही, ते म्हणाले, "व्हनारच, सगळा भार त्याच्यावर." त्या खुराची ८० टक्के भिंत कापून काढावी लागली. तरी तो सावरला, खायला लागला. जानेवारीत परत बिघडलं, पुढचे दोन्ही खूरही गेले, उभं राहायला एकही धड पाय उरला नाही, आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला शांत केलं. तुम्ही खांदा लावलात त्या दिवसापासून २५४ दिवस.

आण्णा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "मधे बाहेर सोडला व्हता का चरायला?" मी सांगितलं, हो, ऑगस्टपासून डॉक्टर रिचर्डसन स्वतः दोरी धरून हिरवळीवर न्यायचे. "मग ठीक," म्हणाले. त्याच्या अस्थी चर्चिल डाउन्सच्या, जिथे डर्बी होते त्या रेसकोर्सच्या, फाटकाबाहेर ठेवल्यात, तिकीट न काढताही भेटता यावं म्हणून, हेही त्यांना फार आवडलं.

मी तुम्हाला काही देऊ शकत नाही. हे पत्र आण्णांना वाचून दाखवलंय, खाली त्यांनी सही केलीय, हात कापतो त्यामुळे वाकडी आलीय. एक गोष्ट त्यांनी विचारायला सांगितलीय, जमलं तर कळवा. त्या वेळी तुम्ही त्याच्याशी काही बोलत होता का, आणि कुठल्या भाषेत? ते घोडीशी मराठीत बोलत होते, सगळा वेळ.