आंब्याच्या पेटीतली चिठ्ठी

चि. बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पेटी आज रात्रीच्या गाडीने पाठवतोय. काल तुझा नवा पत्ता लिहून घेताना मी विचारलं, खेरनगर म्हणजे आपले बाळासाहेब खेर ना? तर तू म्हणालास, "कोण खेर? असेल कोणी बिल्डर." तेव्हा हसलो, पण नंतर झोप लागेना. म्हणून पेंढ्याखाली ही चिठ्ठी.

बाळ गंगाधर खेर १८८८ साली आपल्या रत्नागिरीत जन्मले. मुंबईत सॉलिसिटर झाले, स्वतःची फर्म काढली. चांगलं बस्तान बसलेला माणूस, पण १९३० च्या कायदेभंगात तुरुंगात गेला, १९३२ मध्ये पुन्हा गेला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांताचा काँग्रेसचा पहिला पंतप्रधान झाला. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. काँग्रेसच्या मंत्र्यांनी महिना ५०० रुपयेच पगार घ्यायचा, असं ठरलं होतं.

आता आपल्या घरचं सांगतो. तुझे आजोबा खोताचं कूळ, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची जमीन कसणारे. भात झोडून होतंय तोवर खोताचा माणूस खळ्यावर हजर. अर्धं भात त्याचं, वर वेठीचे, फुकट राबायचे दिवस वेगळे. स्वतःचा भाताचा कुणगा लावायचा राहिला तरी खोताची लावणी आधी. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती मोडायचं विधेयक विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्च्याने गेले. आजोबांचे चुलते बोटीने गेले होते. विधेयक काही मंजूर झालं नाही, आणि सरकार खेरांचंच होतं. आजोबांनी हे कधी माफ केलं नाही. "आपल्याच जिल्ह्याचा माणूस, आणि आपलंच गाऱ्हाणं ऐकू येईना," असं ते अखेरपर्यंत म्हणत. मलाही ते पटतं. सज्जन माणूस होता म्हणून हिशेब सोडून द्यायचा नसतो.

पण त्याच हिशेबात दुसरी बाजूही धरावी लागते. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढलं, आणि सगळ्या काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर खेरांनीही राजीनामा दिला. जेमतेम सव्वादोन वर्षांची खुर्ची. त्यानंतर परत तुरुंग, १९४२ चा तर लांबलाच. आपल्या ग्रामपंचायतीत उपसरपंचपदासाठी काय काय चालतं ते तू बघितलं आहेस, जास्त सांगत नाही.

१९४६ मध्ये ते पुन्हा आले ते १९५२ पर्यंत राहिले. पुणे विद्यापीठ त्याच काळातलं. आणि १९४९ मध्ये त्यांच्याच सरकारने खोती रद्द करणारा कायदा केला. आंबेडकरांच्या विधेयकानंतर बारा वर्षांनी! उशीर म्हणायचा तर उशीरच. तरी वेठ गेली. जमीन नावावर व्हायला मात्र कूळकायद्याचा १ एप्रिल १९५७ उजाडला, कसेल त्याची जमीन. खेर त्याआधी चोवीस दिवस, ८ मार्चला वारले होते. पुढे त्या कायद्याच्या ३२ ग कलमाखाली जमिनीची किंमत ठरली, आजोबांनी हप्ते फेडले, आणि ३२ म कलमाचा खरेदीचा दाखला हातात आला. तो घेऊन ते घरी आले तेव्हा आजीने देवापुढे नारळ ठेवला, आणि आजोबा काही न बोलता मळ्यात जाऊन बसले. हे आजीने मला सांगितलेलं, मी तेव्हा लहान होतो.

दाखला पत्र्याच्या ट्रंकेत आहे. त्याची झेरॉक्स काढलीय, पण पेटीत घालत नाही, रस लागेल. गणपतीला आलास की घेऊन जा.

पायरी वरच्या थरात आहे, ती आधी संपवा. हापूस अजून चार दिवस तरी पेंढ्यातच राहू दे. आणि दोन आंबे शेजाऱ्यांना दे, नवीन जागा आहे.

तुझा,
बाबा