आजाऱ्याला शहाळे नेताना

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत शहाळ्याच्या पाण्यावर आलेला लेख आवडला, पण हे पाणी कुणालाही, कितीही चालते, हे त्यातील विधान मान्य होण्यासारखे नाही.

आजाऱ्याला भेटायला जाताना आडसर, म्हणजे शहाळे, नेणे ही आपल्या गोव्याची जुनी रीत. गेल्या वर्षी माझे वडील मूत्रपिंडाच्या आजाराने रुग्णालयात होते. भेटायला आलेल्यांनी आणलेली सात शहाळी खाटेखाली जमली होती. एकाचे तोंड छाटून त्यात नळीही घातलेली. परिचारिकेने ते वडिलांच्या हातातून काढून घेतले, तेव्हा आम्हीच तिच्यावर चिडलो होतो!

कारण नंतर कळले. या पाण्यात दर १०० मिलीलिटरमागे साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणसाचे मूत्रपिंड जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. जुलाबातही ओआरएसऐवजी नुसते शहाळे देऊ नये, त्यात सोडियम कमी पडते.

माडाला २०१७ साली राज्यवृक्षाचा मान मिळाला, त्याचा मलाही अभिमान आहे. आमच्या परसातल्या माडाचे आडसर मी आजही आवडीने पितो. वडिलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. पुढच्या पुरवणीत एवढी चौकट जरूर छापावी.

– एक वाचक, म्हापसा