सुळ्याची वाट किती पाहायची?

महोदय,
अक्कलदाढेची चर्चा घरोघरी होते, अडकलेल्या सुळ्याची नाही. मुलीचा वरचा उजवा सुळा तेराव्या वर्षीही दिसेना. ‘येईल हो उशिरा’ म्हणत आम्ही गप्प! अखेर ओपीजी (सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे) काढला, तर दुधाचा सुळा जागच्या जागी आणि कायमचा टाळूत आडवा. सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) त्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या मुळाला टेकलेलं दिसलं. साध्या एक्स-रेत दोन्ही एकावर एक आले होते.

वरचे सुळे साधारण ११-१२व्या वर्षी येतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर बोट फिरवलं की बहुधा फुगवटा लागतो. तो एकाच बाजूला लागला, तर दंतवैद्याला दाखवावं. सरसकट सीबीसीटी मात्र नको. त्यात किरणांची मात्रा सहसा ओपीजीपेक्षा जास्त असते.

– एक पालक