त्या रात्री चार्जर मी बंद केला होता

पुणे,
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी एक कबुली देते. चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरची बॅटरी अर्धीच भरलेली निघाली, तुम्हाला फोंड्याहून फुलं आणायला उशीर झाला आणि तुम्ही म्हणालात, रात्री लाईट गेली असणार. लाईट गेली नव्हती. चार्जर मी बंद केला होता.

रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले होते. वसरीत दाराला लागून आईच्या स्टुलावर बॅटरी, शेजारी चार्जर, आणि दिवाणाखालून आलेली ती पांढरी एक्स्टेन्शन. उरलेली वायर तुम्ही नेहमीसारखी नीट गुंडाळी करून, रबरबँड लावून ठेवली होती. त्याच बोर्डावर गणपतीवरच्या माटोळीच्या दिव्यांच्या माळा आणि टेबलफॅन. सहज प्लगाला हात लावला आणि चटका बसला. बटण बंद करून प्लग काढला तर त्याची एक पिन निळसर काळी पडलेली, भोकाच्या कडेचं प्लास्टिक पिवळं होऊन आत ओढलं गेलेलं. इस्त्रीला नायलॉनची साडी चिकटली की येतो तसा वास. मग मला झोप लागली नाही. तिथेच पायरीवर बसून राहिले. आत तुमचं घोरणं ऐकू येत होतं आणि आईच्या कुशीवर वळताना बांगड्या वाजत होत्या.

सकाळी का नाही सांगितलं? घर माणसांनी भरलेलं, आत्या आलेली, दीड दिवसाचा गणपती उठायचा होता. चारचौघांत तुम्हाला काही सांगायला माझी जीभ उचलली नाही. आणि फोनवर बोलायला जावं तर तुम्ही "हो हो, बघतो" म्हणून फोन आईकडे देता. म्हणून हे पत्र.

दुसरी कबुली. पंखा आवाज करतो म्हणून मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं ना, तो पंख्यासाठी नव्हता. त्यानं वसरीतला सॉकेट तपासला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट आले, ठीक. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत, तिथे आले ९०. म्हणजे तिसऱ्या भोकामागे अर्थिंगच नाही, गळलेली वीज जमिनीत जायला वाटच नाही. तसंही तुम्ही थ्री-पिनला टू-पिनचा कन्व्हर्टर लावला होता, त्यामुळे असतं तरी ते चार्जरपर्यंत पोचलं नसतं.

तर मी ठरवून टाकलंय. शनिवारी सकाळी नऊला तो येईल. आत्याकडचं वायरिंग केलं तोच मुलगा, हात स्वच्छ आहे त्याचा. पैसे मी दिले आहेत, ते परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. मीटरपासून गाडीच्या शेडपर्यंत अडीच स्क्वेअर एमएम जाडीची तांब्याची स्वतंत्र लाईन, १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली तर आपोआप पडणारा स्विच, आणि वीज गळली तर लाईन तोडणारा आरसीसीबी. आणि माडाजवळ अर्थिंगचा नवा खड्डा. आपली जमीन जांभ्या दगडाची, एप्रिल-मेमध्ये ती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. तेव्हा उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचं. ओतायला वाड्यावरच्या कुणाला तरी सांगा, तुम्ही बादल्या उचलायच्या नाहीत.

तुम्हाला न विचारता केलं, हे मला कळतंय. विचारलं असतं तर दिवाळीनंतर बघू म्हणाला असता, आणि मला त्या स्टुलाचं चित्र डोळ्यांपुढून हलवता येत नव्हतं. तुम्हाला विजेतलं कळत नाही असं मी जन्मात म्हणणार नाही. घरातला रेडिओ तुम्ही तीनदा उघडून जिवंत केलात. चूक माझी आहे. तुमच्या पंचाहत्तरीला स्कूटर घेतली, हार घालून फोटो काढले आणि मी पुण्याला निघून आले. शोरूममधल्या मुलानं स्पष्ट विचारलं होतं, "घरी १६ अँपिअरचा पॉइंट आहे ना?" मी न बघताच हो म्हटलं. त्याच वेळी ही लाईन ओढून घेतली असती तर तुम्हाला गेले सात महिने ते दिवाणाखालचं सव्यापसव्य करावं लागलं नसतं.

तुम्ही म्हणाल, साडेतीन अँपिअर ओढणारा तो चार्जर, त्याचं काय एवढं. मिक्सरही साधारण तेवढीच वीज ओढतो, खरं आहे. पण आईचा मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि चार्जर कित्येक तास. सॉकेटच्या आतली पितळेची पट्टी जुनी होऊन सैल झाली की पिनेशी नीट टेकत नाही. जिथे टेकत नाही तिथे गरम होतं, गरम झाल्यानं पट्टी आणखी सैल होते, दुसऱ्या रात्री त्याहून जास्त गरम. वायरही गुंडाळीत असली की तिची ऊब बाहेर पडत नाही. पिन एका रात्रीत काळी झाली नाही, बाबा. रोज थोडी थोडी होत होती, आणि आपण झोपलेलो असायचो.

स्कूटरवर राग धरू नका मात्र. आई फोनवर म्हणाली की तुम्ही जुनी पेट्रोलची परत मिळेल का विचारत होता. नको. किक मारायची नाही, धूर नाही, आईला मागे बसताना धक्का नाही. २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, त्या तुम्ही कापून ठेवल्या होत्या हे मी पाहिलंय. त्यानंतरच सरकारनं बॅटरीचे एआयएस १५६ हे नियम कडक केले, १ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. आपली गाडी त्यानंतरची आहे. बॅटरीच्या आत सेलवर नजर ठेवणारं सर्किट आहे, जास्त तापलं तर ते चार्जिंग थांबवतं. पण भिंतीतल्या सॉकेटवर ते नजर ठेवू शकत नाही, ते आपणच बघायचं.

आणि ती बॅटरी उचलून आत आणणं आता बंद. दहा-अकरा किलोंचं ओझं आहे ते. हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे. बॅटरी गाडीतच राहू दे, गाडी शेडमध्ये, चार्जर तिथेच भिंतीवरच्या फळीवर, पावसाची झड पोचणार नाही अशा जागी. आपल्या घराला बाहेर पडायला पुढचंच दार. मागच्या, पाटल्या दाराचा अडसर आईला सरकत नाही. म्हणून दाराशी बॅटरी नको, एवढंच. काही होईल म्हणून नाही. मला इथे झोप लागावी म्हणून समजा.

आई, शेडमध्ये दिवा लागणार आहे आणि त्याचं बटण तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायला सांगितलंय. संध्याकाळी बाबा तिकडे गेले की तुला आतूनच दिसेल. वाटेवर शेवाळ धरलेल्या चिऱ्यांवर खरबरीत लाद्या घालायलाही सांगितलं आहे. आणि तुझं स्टूल तुला परत. वृंदावनाशी दिवा लावताना वाकून वाकून कंबर धरते म्हणतेस ना, बसून लाव.

दिनक्रमही फार बदलणार नाही. सोमवारी मंगेशीहून भर दुपारी आलात की गाडी लगेच लावायची नाही, बॅटरी तापलेली असते. अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यायची, तोवर जेवून वामकुक्षी घ्या. संध्याकाळी सातला लावली तर दहाच्या आत होते. झोपण्यापूर्वी बटण बंद, प्लग बाहेर. रोज शंभरपर्यंत भरायची गरज नाही. तुमचं फिरणं फोंडा, कवळे आणि कधीतरी म्हार्दोळ, त्याला ८० टक्के भरपूर होतात. पणजीला जायचं असेल तेव्हा पूर्ण भरा.

वाड्यावरचे काका त्यांचा जुना चार्जर देऊ करताहेत म्हणे. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण चार्जर घेऊ नका. पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं. काही बॅटरींचा एकेक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, लोह-फॉस्फेटवाल्यांचा ३.६५ ला. पहिल्या प्रकारचा चार्जर दुसरीला लावला तर बॅटरी पोट फुटेस्तोवर जेवल्यासारखी होते. आपला बिघडला तर कंपनीचाच नवा घेऊ, मला फक्त सांगा.

शेडमधली माडाची चुडतं, नारळांचा ढीग आणि पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं शुक्रवारीच पलीकडे हलवायला लावा. गाडीच्या भोवती पेट घेणारं काही नको. चार्जिंगच्या भोकात पाणी दिसलं तर कोरड्या फडक्यानं पुसून, वाळल्यावरच लावायचं. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली तर चार्ज करायचीच नाही, सर्व्हिसवाल्याला बोलवायचं. आरसीसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं. आई, ते तुझ्याकडे. दर संकष्टीला दाबायचं, आरसीसीबीचा खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर गाडी लावायची नाही आणि त्या मुलाला फोन. शरीरातून ३० मिलिअँपिअर गेले तरी माणूस जाऊ शकतो, आरसीसीबी तेवढ्यालाच लाईन तोडतो.

ऑक्टोबरात विजा कडाडू लागल्या की प्लग काढायचा, हे मी तुम्हाला काय सांगणार बाबा. मे महिन्यात पहिला गडगडाट झाला की हातातला चहा ठेवून तुम्ही टीव्हीची वायर काढायला धावायचात आणि मी चित्रपट अर्धा राहिला म्हणून रडायचे. मग मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर हाताचं हरीण करायचात. त्याची शिंगं मला अजून जमत नाहीत. इस्त्रीचा प्लग काढताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणायचात, "बाय, वायर ओढायची नाही, प्लग धरून काढायचा." परवा इथे लेकीला तेच सांगत होते, तिचा हात धरून, तुमच्याच आवाजात.

एक शेवटचं, आणि यावर वाद नको. कधी बॅटरीतून फुसफुस ऐकू आली, धूर दिसला किंवा वेगळाच गोडसर वास आला, तर हात लावायचा नाही, बादली ओतायला जायचं नाही, गाडी बाहेर ढकलायची नाही. त्या धुरात विषारी वायू असतात. आईला घेऊन थेट अंगणाबाहेर रस्त्यावर जायचं आणि १०१ किंवा ११२ लावायचा. गाडी जळाली तर जळू दे. दुसरी घेता येईल.

शनिवारी काम झालं की इलेक्ट्रिशियनला फेज-अर्थिंगचा आकडा पुन्हा मोजायला लावा आणि त्याच्या मीटरवरच्या त्या आकड्याचा फोटो मला पाठवा. बाबा, तुम्ही शेजारी उभे राहून त्याला शिकवाल ते ठाऊक आहे. शिकवा. फक्त शिडीवर चढू नका.

दिवाळीला येते. तुम्ही दोघं रागावला असाल तर तेव्हा रागवा, मी समोर असेन.

तुमची,
बाय

ता. क. ती काळी पिन असलेला प्लग आणि बोर्ड मी माझ्या बॅगेतून पुण्याला आणलाय. घरात शोधू नका.